बॉबिनचं पथ्य

त्या रविवारी मी नेहमीसारखी बाबांकडे पोचले, तेव्हा त्यांचा कुत्रा बॉबिन शिलाई मशीनखाली पडून कान खाजवत होता. मागचा पाय कानाशी गेला की त्याचं ढोपर मशीनच्या लोखंडी पायावर आपटायचं आणि ठकठक आवाज व्हायचा. वर बाबा कुणाच्या तरी मुलाच्या शाळेच्या पँटची लांबी कमी करत होते. खालच्या ठकठकीकडे त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा तसं ते दाखवत होते.

मी पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. आठवड्याचे डबे होते त्यात. पांढऱ्या झाकणाचे बाबांचे, निळ्या झाकणाचे बॉबिनचे. मग बाहेर येऊन फरशीवर बसले आणि बॉबिनचा कान उलटा करून पाहिला. आत लालभडक, कडेला तपकिरी मळ, आणि तो आता ओळखीचा झालेला आंबूस वास.

"बाबा, काय दिलंत याला?"

"ये. आधी पाणी घे."

"मी विचारतेय, काय दिलंत."

"काही नाही दिलं." त्यांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "आल्या आल्या उलटतपासणी. वकील व्हायचं सोडून पुस्तकांत कुठे अडकलीस कोण जाणे."

"मग हे कान काय सांगतात?"

"कान काय सांगणार? कान ऐकतात."

मी हसले नाही. हा विनोद त्यांनी मागच्या रविवारीही केला होता.

बॉबिनचं दुखणं जुनं होतं. कान पिकायचे, औषधाचे थेंब घातले की निवळायचे, पुन्हा पिकायचे. काखा लाल, पोटावर पुरळ. पंजे तर तो इतके चाटायचा की तिथले पांढरे केस लाळेनं गंजल्यासारखे तांबूस झाले होते. जनावरांच्या डॉक्टर म्हणजे एक उंच, घाईत बोलणाऱ्या बाई. त्यांनी एकदा त्याला पुरता तपासून सांगितलं, हे कानाचं दुखणं नाही, ताटाचं आहे. जन्मभर तो जे खात आला, म्हणजे कोंबडी, दूधपाव, अंडं, त्यातल्याच कशाचं तरी त्याला वावडं झालंय. कशाचं, ते शोधायला रक्त तपासून फारसा उपयोग नाही. एकच मार्ग आहे. त्यानं आजवर कधी न खाल्लेले दोन पदार्थ निवडायचे आणि दोन महिने फक्त तेच द्यायचे. बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. अंगावरची आग शमली, की मग जुने पदार्थ एकेक करून परत देऊन बघायचे.

आम्ही मासा आणि रताळं ठरवलं. काटे काढलेला मासा उकडायचा, रताळं उकडून कुस्करायचं, दोन्ही एकत्र करून पाण्यानं सैल करायचं. मीठ नाही, मसाला नाही. दर शनिवारी एका बाजूला बाबांचं जेवण आणि दुसऱ्या बाजूला बॉबिनचं, असा माझा स्वयंपाक चालायचा. बाबांना मी कोंबडीचा रस्सा, भाजी, भात, उकडलेली अंडी द्यायचे. आई गेल्यापासून त्यांच्या पोटात काही सकस जावं ही जबाबदारी मी अंगावर घेतली होती, आणि ती मी चोख पार पाडते अशी माझी समजूत होती. डबे दर रविवारी रिकामे, घासूनपुसून परत मिळायचे.

"दोन महिने कधीच होऊन गेले," मी म्हटलं. "तुमच्या ताटातला एक तुकडा गेला ना, की आधीचं सगळं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून."

"एवढं जपून मी तुलासुद्धा वाढवलं नाही."

"आणि हा जाड कसा होतोय? रताळ्यावर?"

"सुखाचं अंग आहे त्याचं."

"बाबा, थट्टा पुरे."

ते पुन्हा पँटकडे वळले. काठ दुमडला, नखानं घडी दाबली. त्यांचे हात वाळल्यासारखे दिसत होते, पण म्हाताऱ्या माणसाचे हात तसेच दिसतात. गाल बसले होते, पण दाढा काढल्यापासून ते बसलेच होते. बाकी माणूस नीटनेटका होता. शर्टाचे खांदे बरोब्बर खांद्यांवर, पँट कमरेवर बेतशीर. गल्लीत सगळे त्यांना मास्टर म्हणायचे, आणि ढगळ कपड्यात मास्टरना कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी याला मी माझ्याकडे नेते. दोन महिने. बरा झाला की आणून सोडते."

मशीन थांबलं.

"तुझ्याकडे? तू दिवसभर कामावर. तो एकटा काय करेल?"

"झोपेल. इथे तरी काय करतो?"

"अगं, राहू दे ना." त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. "एवढा महिना राहू दे. त्याच्याशिवाय मला जेवण जात नाही."

हे ते इतक्या हलक्या आवाजात म्हणाले की मी वरमले. आई गेल्यावर समोर बसायला दुसरं कोण होतं त्यांना? पण मला रागही आला. मायेपोटीच तर घरोघर कुत्री आजारी पडतात, असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा सांगितलं होतं.

"बघू पुढच्या रविवारी," मी म्हटलं.

"बघ."

मी जेवून घेतलं. त्यांचं उशिरा असायचं, हातातलं काम संपवून. निघताना त्यांनी रिकाम्या डब्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि बॉबिनचा पट्टा धरून जिन्यापर्यंत आले. मी खाली उतरेपर्यंत ते तिथेच होते. मला वर पाहायची सवय नव्हती. बॉबिनच्या पट्ट्याची घुंगरं वाजत होती, त्यावरून कळलं.

मंगळवारी दुपारी वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचा फोन आला. कुत्रा सारखा भुंकतोय म्हणून त्या खाली गेल्या, तर मास्टर फरशीवर पडलेले, ओठ निळे, श्वासात घरघर.

हॉस्पिटलमधला डॉक्टर माझ्याहून पुष्कळ लहान होता. अन्न फुप्फुसात गेलंय, म्हणाला. मग छातीचे फोटो बघून आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"गिळायला त्रास कधीपासून आहे यांना?"

"त्रास नव्हता," मी म्हटलं. "सगळं जेवत होते."

"घट्ट अन्न? भात, मांस वगैरे?"

"हो. मीच करून देते. डबे रिकामे येतात."

त्यानं काचेवर लावलेल्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन्ननलिका जवळजवळ बंद आहे," तो म्हणाला. "ही गाठ दोन-चार आठवड्यांची नाही. यांना पातळ पेजेपलीकडे काही उतरत असेल असं मला वाटत नाही. वजनही फार कमी आहे."

"पण डबे रिकामे येतात," मी पुन्हा म्हटलं. त्यानं फोटो काढून पाकिटात घातला. माझ्यासारखे नातेवाईक तो रोज बघत असणार.

नाकातून नळी घालायचं निघालं तेव्हा बाबांनी मान हलवली. शुद्ध होती त्यांना. मी समजवायला गेले, तर माझं मनगट धरलं. बोटांत जोर नव्हता, पण सोडेनात. आईच्या शेवटच्या महिन्यांत तिला नळीतून भरवायचं काम तेच करायचे. मोठ्या पिचकारीत दूध भरून, थेंब थेंब. मी तिथे असले की म्हणायचे, तू बाहेर बस. तेव्हा मला वाटायचं, मला जपताहेत.

त्यानंतर ते एकदाच बोलले. "बॉबिन?"

"शिकवणीवाल्या बाईंकडे आहे. जेवतोय."

त्यांनी डोळे मिटले. शुक्रवारी सकाळी बाबा गेले.

बॉबिनला मी घरी आणलं. पहिल्या संध्याकाळी निळ्या झाकणाचा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्यानं वास घेतला, एक पाऊल मागे सरला आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, दुःखात आहे. दुसऱ्या दिवशीही तेच. जिभेचं टोक लावून बघितलं, नाक फेंदारलं, बाजूला झाला. नव्या पदार्थाशी कुत्रं जसं वागतं तसा तो वागत होता. हे माझ्या ध्यानात आलं, पण मी ते पुढे नेलं नाही. त्या आठवड्यात मी कोणताच विचार पुढे नेत नव्हते.

मग मी जेवायला बसले. शेजारणीनं कोंबडीचा रस्सा आणून दिला होता. बॉबिन उठला, माझ्या खुर्चीच्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि हनुवटी माझ्या मांडीवर टेकवली. तो आशाळभूत नव्हता, लाळ गाळत नव्हता, कुंईकुंई करत नव्हता. तो वाट बघत होता, आपला नंबर लागलाय हे माहीत असलेल्या माणसासारखा. मी त्याला काही दिलं नाही. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग डोकं उचलून त्यानं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट गोंधळ दिसला.

तिसऱ्या दिवशी भुकेनं त्यानं मासा-रताळं खाल्लं.

कपडे आवरायला आत्या आली. ही बाबांची धाकटी बहीण. तिचं तोंड कधी बंद नसतं आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे. कपाट उघडून ती एकेक पँट पलंगावर टाकत होती आणि बोलत होती.

"तुझा बाप म्हणजे ना! ताप आला की थर्मामीटर झटकून ठेवायचा, आई बघायच्या आत. मी चुगली केली तर माझ्या बाहुलीचे हात उसवले होते मेल्यानं. अगं, ही पँट कुणाची? ही तर माझ्या नातवाला होईल."

"बाबांचीच आहे. राखाडी. रविवारी हीच होती अंगावर."

आत्यानं ती माझ्यापुढे धरली. मी हातात घेतली, उलटी केली. शिंप्याची मुलगी आहे मी. शिवता येत नसलं तरी शिवण वाचता येते. कमरेच्या मागच्या शिवणीशेजारी जुन्या टाक्यांची भोकं होती. त्यांच्या बाहेर आणखी एक रांग. तिच्याही बाहेर आणखी एक, अगदी जुनी, पँट पहिल्यांदा शिवली तेव्हाची. बाबांनी कंबर आत घेतली होती, आणि मग पुन्हा, आणि मग पुन्हा. सगळ्या पँटींची हीच गत होती. शर्टांच्या बगलाही तशाच, खांदेसुद्धा उसवून आत सरकवलेले. काम इतकं सफाईचं होतं की बाहेरून चुणी दिसत नव्हती.

उरलेलं कापड त्यांनी कापलं मात्र नव्हतं. आतल्या बाजूला नीट दुमडून, हातशिलाईनं टाचून ठेवलं होतं. पुन्हा अंग भरलं तर उसवता यावं म्हणून असेल.

आत्या पलंगावर बसली.

"मला तो म्हणाला होता," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात. म्हणाला, कुत्र्याचं जेवण चवीला वाईट नसतं गं, मीठ घातलं की उतरतं झकास. मी म्हटलं, मेल्या, मग भुंकायलाही लाग आता. इतके हसलो दोघं. अगं, मला वाटलं थट्टा करतोय. तो कधी थट्टा करत नव्हता का?"

"करायचे."

"मग मला कसं कळणार?"

मी स्वयंपाकघरात गेले. बॉबिनचं भांडं फडताळात वरच्या फळीवर पालथं होतं, आणि त्याच्या बुडावर धूळ बसली होती. सिंकशेजारी चहाची मोठी गाळणी सुकत होती. बाबा चहा पीत नसत. मी ती उजेडात धरली. जाळीत रताळ्याचे केशरी धागे अडकले होते.

खिडकीत कानाच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. मी आणून दिली होती एक. या पुष्कळ होत्या, ओळीनं लावलेल्या. म्हणजे ते स्वतः जाऊन आणत होते. रोज त्याचे कान पुसत असणार, थेंब घालत असणार. आपण त्याला काय खायला घालतोय आणि त्यानं त्याचं काय होतंय, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. माझे डबे फेकून दिले असते तरी मला पत्ता लागला नसता. पण अन्न फेकायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. आणि शेजारी एक भुकेला जीव बसलेला होता, ज्याचं जेवण ते रोज खात होते. त्याला उपाशी कसं ठेवायचं? म्हणून ताटांची अदलाबदल. एका माणसानं आपल्या स्वयंपाकघरात एकट्यानं केलेला हा हिशोब मला फार उशिरा सुटला. तोवर मी दर शनिवारी, कुणासाठी ते नीट माहीत नसताना, मासा अगदी बारीक कुस्करत राहिले होते. त्यातले काटे मी बोटांनी चाचपून काढायचे, एवढंच आता धरून ठेवावंसं वाटतं.

भावाचा परदेशातून फोन आला तेव्हा तो म्हणाला, "शेवटपर्यंत त्या कुत्र्याचे लाड चालले होते ना?" मी म्हटलं, "हो." शेजारपाजारचे, लांबचे नातेवाईक, सगळे तेच म्हणत होते. मास्टरचं प्रेमच तसं. मी सगळ्यांना हो म्हटलं. ते ऐकायला बरं वाटायचं आणि पुढचं काही बोलावं लागायचं नाही.

बॉबिन बरा होत गेला. आधी खाजवणं कमी झालं, मग थांबलं. मग पोटावरचं पुरळ विरलं. पंजांवर मुळाशी पांढरे केस उगवू लागले, तांबूस टोकं पुढे सरकत गेली. थोडा बारीकही झाला. मी रोज त्याचा कान उलटा करून बघायचे, आणि प्रत्येक वेळी तो आदल्या दिवसापेक्षा स्वच्छ असायचा. अशी सुधारणा बघून एरवी माणसाला आनंद होतो. मला त्या कानात बघवेना. मासा-रताळं त्याच्यापुढे ठेवून मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे.

दोन महिने झाल्यावर त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टेबलावर चढवला. त्यांनी नळीचा दिवा लावून दोन्ही कान पाहिले, काखा पाहिल्या, पंजांची बोटं फाकवून पाहिली.

"वा!" त्या म्हणाल्या. "हा तोच कुत्रा का? बघा, कसं निवळलंय सगळं. मी म्हणत नव्हते? पथ्य पाळलं की होतंच."

"हो."

"आता पुढच्या आठवड्यात कोंबडी देऊन बघा थोडी, बाकी सगळं तसंच ठेवून. खाज उठली तर कोंबडीच. माझा संशय कोंबडीवरच आहे." त्यांनी बॉबिनच्या मानेवर थोपटलं. "म्हणजे शेवटी ऐकलं म्हणायचं तुमच्या वडिलांनी. मागच्या वेळी तुम्ही किती वैतागला होतात त्यांच्यावर! सांगा त्यांना, डॉक्टरांनी शाबासकी दिलीय. चोरून खाऊ घालणं सोडलंत, म्हणून हा बरा झाला."

बाहेर कुणाचं तरी मांजर पिंजऱ्यात ओरडत होतं. त्या हात धुवायला वळल्या होत्या. मला 'हो, सांगते' म्हणता आलं असतं. गेले दोन महिने मी सगळ्यांना तेच म्हणत आले होते.

"डॉक्टर," मी म्हटलं, "वडील गेले."

त्यांनी नळ बंद केला. "अरेरे. कधी?"

"त्यांनी चोरून खाऊ घातलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. बॉबिननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "त्यांना गिळता येत नव्हतं. घशाखाली काही उतरत नव्हतं. याच्यासाठी केलेलं तेवढं उतरायचं. ते याचं जेवत होते आणि यानं त्यांचं खाल्लं. मी त्यांच्या समोर बसायचे, डॉक्टर. दर रविवारी. आणि याचे कान बघायचे. माझे वडील उपाशी होते, आणि मी याचे कान बघायचे."